आधी गायीची तारीख विचारा, मग इंजेक्शन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर माजावर न येणाऱ्या गायींना हार्मोनचं इंजेक्शन देऊन गाभण कसं करायचं यावर मजकूर आला होता. त्यातलं काही चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, पण त्यात मुख्य प्रश्नच विचारलेला नव्हता, गाय व्याली कधी? त्या पानाचा फोटो आमच्या गावातल्या दूधवाल्यांच्या ग्रुपवर फिरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता शेजारचा पोरगा मोबाईल घेऊन दारात उभा, काका आपल्या गायीला हे देऊन टाका, औषध मी फलटणवरून आणतो. मी विचारलं व्यायला किती दिवस झाले, तर त्याने बोटं मोजली आणि म्हणाला १७.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, आता रिटायर होऊन घरी ४ गायी सांभाळतो. इतकी वर्षं गायीच्या पोटात हात घालून बीजांडकोश चाचपले, हजारो कृत्रिम रेतनं केली, त्या अनुभवावर हे लिहितोय, थोडं लांबेल पण छापाल अशी आशा आहे.

पोरासोबत गोठ्यात गेलो. एचएफ क्रॉस म्हणजे होल्स्टीनची संकरित गाय, दुसरं वेत, रोजचं २२ लिटर दूध. गाय उभी होती तिथून दहा पावलांवरून तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, शेपटीच्या दोन्ही बाजूला खड्डे पडलेले, पुढ्यात चांगला मुरघास असून ती अर्धा ठेवून देत होती. पोरगा म्हणतोय हिला माज येत नाही. अरे बाबा १७ दिवसांत तिने यावं तरी का, आणि समजा इंजेक्शन मारून आलीच तर पिशवी म्हणजे गर्भाशय अजून जागेवर बसायचं आहे, ते पूर्ववत व्हायला सव्वा महिना सहज जातो, तेवढ्यात भरवून काय हाताला लागणार.

आता हे इंजेक्शन करतं काय ते सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की ते थेट बीजांडावर म्हणजे बीजांडकोशावर काम करतं. तसं नाहीये. जीएनआरएच नावाचं जे इंजेक्शन असतं ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या निरोपाची नक्कल आहे आणि तो निरोप जातो पिट्युटरी ग्रंथीला, शाळेच्या पुस्तकात जिला पीयूषिका म्हणतात तिला. मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली लहान बोराएवढी ग्रंथी, पण गायीचं विणं, दुभणं, माजणं सगळं तिच्या हातात. निरोप मिळाला की ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोनं रक्तात सोडते, एफएसएचमुळे बीजांडावरच्या पुटकुळ्या म्हणजे फॉलिकल वाढतात आणि एलएचचा मोठा लोंढा आला की पिकलेलं फॉलिकल फुटून बीज सुटतं. म्हणजे इंजेक्शन फक्त हुकूम देतं, माल पिट्युटरीने स्वतःच्या साठ्यातून द्यायचा असतो. कणगीत धान्यच नसेल तर खालचं बोळं उघडून काय पडणार?

आणि व्यायच्या वेळी एलएचची ही कणगी तळाला गेलेली असते. गाय ९ महिने ९-१० दिवस गाभण असते, साधारण २८० दिवस, आणि या सगळ्या काळात रक्तात गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन भरपूर, त्याने मेंदूकडून येणारे निरोपच मंदावतात. नेहमीच्या २१ दिवसांच्या चक्रात माज जवळ आला की एलएचचा ठोका, म्हणजे रक्तात सुटणारा झटका, जवळपास तासाला एक पडतो, पण पीतपिंड म्हणजे बीज सुटलेल्या जागी तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन सोडणारी गाठ, आम्ही तिला पिवळी गाठ म्हणतो, ती कामावर असताना तोच ठोका तीन-चार तासांनी एकदा पडतो. गाभणपणात हीच अवस्था महिनोन्महिने चालते, त्यात शेवटच्या दिवसांत वारेमधून इस्ट्रोजेन प्रचंड वाढतं आणि मग पिट्युटरीतलं एलएच बनवायचं कामच थंडावतं. म्हणजे विक्री बंद आणि कारखानाही बंद. व्यायल्यानंतर हा साठा पुन्हा भरायला २ ते ४-५ आठवडे लागतात.

मला यात सगळ्यात नवल वाटतं ते याचं की त्याच ग्रंथीत त्याच दिवसांत दुसरीकडे धामधूम चालू असते. एलएच तळाला, पण प्रोलॅक्टिन मात्र विण्याच्या सुमारास एकदम उसळतं कारण कासेत दूध उतरायला सुरुवात त्याने होते, नंतर दूध टिकवायचं मोठं काम ग्रोथ हार्मोन करतं आणि ते पण पिट्युटरीचंच. एफएसएच तर व्यायल्यावर आठवडाभरात सावरतं, म्हणून तर ५ ते १० दिवसांत बीजांडावर फॉलिकल वाढायला लागलेलं सापडतं. ते वाढतं पण फुटत नाही, कारण फोडणारं एलएच अजून हवं त्या ठोक्यात येत नाही. मी नवीन होतो तेव्हा १२-१५ दिवसांच्या गायीत हाताला फॉलिकल लागलं की मला वाटायचं गाय माजावर येणार, मालकाला तसं सांगायचो पण, आणि मालक चार दिवस वाट बघून परत यायचा.

दुभत्या गायीत १०-१२ दिवसांनी पिट्युटरी जीएनआरएचला थोडीफार दाद द्यायला लागते हे खरं आहे, म्हणजे साठा भरत आलेला असतो. मग अडतं कुठे? तर ठोक्यावर. मेंदू निरोप पाठवायला तयार नसतो कारण त्याच्याकडे खबर असते की घरात दाणा नाही. गायीचं दूध व्यायल्यानंतर ४ ते ८ आठवड्यांत शिगेला पोचतं आणि तिची भूक मात्र १०-१२ आठवड्यांनी भरात येते, मधल्या काळात ती अंगावरची चरबी काढून दूध देते. रक्तात इन्सुलिन कमी, इन्सुलिनसारखंच आयजीएफ नावाचं हार्मोन कमी, त्याचा परिणाम म्हणून एलएचचे ठोके विरळ. हे सगळं त्या शेजारच्या गायीच्या बरगड्यांवर लिहिलेलं होतं, त्याला रक्ततपासणी लागत नव्हती. विताना गायीच्या अंगावर मांस बेताचं असावं, ५ पैकी ३ ते साडेतीन गुण, आणि व्यायल्यावर ती एका गुणापेक्षा जास्त घसरली की पुढचा माज लांबलाच म्हणून समजा. हे सुधारायचं तर व्यायच्या आधीच्या २-३ आठवड्यांपासून खुराक हळूहळू वाढवावा लागतो, खनिज मिश्रण, चांगला चारा, पाणी दिवसभर पुढ्यात. यात इंजेक्शन कुठेच येत नाही म्हणून कोणाला त्यात रस नाही, मला याचं फार वाईट वाटतं.

खिल्लार, देवणी, लाल कंधारी अशा गायींचा प्रश्न आणखी वेगळा आहे, तिथे वासरू दिवसभर गायीपाशी असतं. खूप वर्षं असं समजलं जायचं की सड चोखण्यानेच माज लांबतो. पण टेक्ससमध्ये मांसाच्या गायींवर जे प्रयोग झाले त्यात दिसलं की कासेच्या नसा तोडल्या तरी एलएच दबलेलंच राहतं, परकं वासरू चोखायला लावलं तर मात्र तेवढं दबत नाही, आणि गायीला दिसायचं आणि वास यायचं दोन्ही बंद केलं की स्वतःचं वासरू पिऊनसुद्धा एलएच मोकळं होतं. म्हणजे चोखण्यापेक्षा गाय आपलं वासरू ओळखते, ती माया पिट्युटरीपर्यंत पोचते. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आईची खिल्लार आठवली, वासरू डोळ्याआड झालं की दावं तोडायची आणि ती कधीच ५-६ महिन्यांच्या आत माजावर आली नाही. वासरू तोडा असं मी म्हणत नाही, तसं कोणी करू पण नये. दिवसातून दोन वेळा ठरवून पाजायचं आणि बाकी वेळ वेगळ्या कोपऱ्यात नजरेआड बांधायचं, एवढ्याने फरक पडतो.

कालवडींचं असंच. वय दीड वर्ष झालं की लोक विचारतात माज का नाही. लहान कालवडीत बीजांडातून येणारं चिमूटभर इस्ट्रोजेनसुद्धा एलएचला दाबून ठेवायला पुरतं, ती वजनाने वाढत गेली की हा दाब सुटतो, ठोके वाढतात आणि मग पहिला माज. म्हणून क्रॉस कालवडीत वयापेक्षा वजन बघायचं, अडीचशे किलोच्या पुढे गेल्याशिवाय भरवायचा विचारच नको. बैलात याच्या उलट, खच्चीकरण केलं की खालून टेस्टोस्टेरॉनचा धाक संपतो आणि पिट्युटरी एलएच, एफएसएच जास्तच सोडत बसते, तिकडे ऐकणारं कोणी नसताना. तीच ग्रंथी, पण जनावर कोणत्या अवस्थेत आहे त्यावर तिचं वागणं बदलतं, एवढंच माझं सांगणं आहे.

हे विज्ञान कच्चं आहे किंवा हार्मोन वाईट आहेत असं कोणी समजू नये. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन या दोघांनी डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूचे लाखो तुकडे गोळा करून हा जीएनआरएच वेगळा काढला, १९७१ ला त्याची रचना कळली आणि १९७७ ला त्यांना नोबेल मिळालं, त्याच वर्षी ज्या रोझलिन यॅलो यांना नोबेल मिळालं त्यांच्या पद्धतीमुळे रक्तातलं इतकं सूक्ष्म हार्मोन मोजता यायला लागलं. पुढे १९९५ ला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ओव्हसिंक नावाचं ठरल्या वेळी रेतन करायचं वेळापत्रक आलं, पहिल्या दिवशी जीएनआरएच, ७ दिवसांनी पिवळी गाठ विरघळवणारं प्रोस्टाग्लँडिन, मग दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि १६ ते २० तासांनी रेतन, माज दिसो न दिसो. मी स्वतः ते वापरलंय आणि योग्य गाय त्याने चांगली गाभण राहते. पण ते ज्या गायींसाठी बसवलं त्यांचा साठा भरलेला, पिशवी साफ, व्यायला दोन महिने होत आलेले आणि गाय गाभण नाही हे तपासलेलं असतं. आपल्याकडे औषध आलं, वेळापत्रक आलं, पण तपासणी वाटेतच कुठेतरी गळाली.

तपासणी गळाली की काय होतं ते मी एकदा डोळ्याने पाहिलंय आणि अजून डोळ्यासमोरून जात नाही. आमच्या भावकीतल्या एका घरी गाय भरवून झाल्यावर माज दिसला नाही, म्हणजे खरं तर ती फळली होती, पण मालकाला वाटलं ही उलटून मुक्या म्हणजे बाहेर न दिसणाऱ्या माजात गेली. दीड-दोन महिने गेले, मग कोणीतरी येऊन हात न घालताच प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन मारून गेलं, माज येईल म्हणून. ते इंजेक्शन पिवळी गाठ विरघळवतं आणि गाभण गायीत तीच गाठ गर्भाला धरून ठेवत असते. चौथ्या दिवशी पहाटे वहिनीने हाक मारली. गव्हाणीच्या मागे शेणात ते पडलेलं, उंदरापेक्षा जरा मोठं, पातळ कातडीतून बरगड्या दिसत होत्या आणि खूर उमटायला लागलेले. वहिनीने ते पोत्यात गुंडाळलं आणि परड्यात पुरलं. गायीने दिवसभर वैरणीला तोंड लावलं नाही. गर्भ तपासायला हात घालायचा तर दोन मिनिटं लागली असती.

आणि दुसऱ्याचं काय सांगायचं, मी स्वतः पण चुकलोय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विधवा बाईंची एकच गाय होती, व्यायला २० दिवस, हाडं दिसत होती, बाई म्हणाल्या बाबा काहीतरी कर, हप्ता थकलाय. त्यांचं समाधान म्हणून मी जीएनआरएच दिलं, पैसे त्यांनीच मेडिकलला भरले होते. काहीच झालं नाही, होणारच नव्हतं. त्या पैशात त्या गायीला महिनाभराचं खनिज मिश्रण आणि सरकी पेंडीचं अर्धं पोतं आलं असतं. हे मला तेव्हाच सांगता आलं असतं पण सुई न टोचता बाहेर पडलो तर मालकाला वाटतं याने काही केलंच नाही, ही आमच्या धंद्यातली मोठी अडचण आहे आणि ती आजही तशीच आहे.

म्हशीबद्दल दोन ओळी लिहितो कारण पंढरपूर सांगोला भागातून विचारणा येते. उन्हाळ्यात म्हशीत प्रोलॅक्टिन चढतं, बीजांडाचं काम मंदावतं, त्यात तिचा माज मुका, रात्रीचा, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये दिसतच नाही. तिला दुपारी पाणी मारणं, डुंबायला मिळणं, सावली, हिरवा चारा हा पहिला इलाज. आणि पान्ह्यासाठी जी ऑक्सिटोसिनची सुई रोज मारतात तेही पिट्युटरीच्याच मागच्या भागात साठणारं हार्मोन. ते आतून यायला कास नीट धुणं, हाताने चोळणं, शांतपणा पुरतो आणि एकदा आलं की ५-७ मिनिटांत धार काढून घ्यायची असते, पण गाय घाबरली की ॲड्रेनलिन सुटतं आणि पान्हा अडतो. केंद्र सरकारने २०१८ ला खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली होती, त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने ती रद्द केली कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तेच औषध लागतं. ज्या औषधाने बाईचा जीव वाचतो ते आपण रोज दोन वेळा धारेला वापरतो, हे मनाला पटत नाही.

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत १ कोटी ३९ लाखांच्या वर गोवंश निघाला. प्रत्येक जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला मारायचं काम चालू आहे, त्या नंबरावर रेतन, लसीकरण, विण्याची नोंद करायची सोय आहे. माझी विनंती आहे की हार्मोन देणाऱ्याने आधी ती विण्याची तारीख बघावी आणि गाय गाभण आहे की नाही ते हात घालून तपासल्याशिवाय सुई भरूच नये, आणि मालकाने पण हे मागून घ्यावं, त्यात लाजायचं काही नाही. नोंद नसेल तर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा, माझ्या गोठ्यात अजून खडूच आहे. जवळ डॉक्टर नसेल तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. तुम्हालाही एक विनंती आहे साहेब, पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा औषधाच्या नावाच्या वर, ठळक अक्षरात, व्यायल्यापासूनचे दिवस आणि गर्भतपासणी या दोन गोष्टी छापा. लोक पहिल्या चार ओळींचा फोटो काढतात आणि तेवढाच पुढे पाठवतात.

शेजारच्या त्या गायीला मी इंजेक्शन दिलं नाही. पोरगा नाराज झाला, दोन दिवस बोलला नाही, मग त्याच्या आईने खुराक वाढवला आणि संध्याकाळी मूठभर जास्त पेंड टाकायला लागली. व्यायल्यानंतर पहिल्यांदा बीज सुटतं तेव्हा बहुतेक गायी माज दाखवतच नाहीत, कारण मेंदूला आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉनची सवय लागते, तेव्हाच पुढचा माज उघड होतो, हे त्याला मी वहीत लिहून दिलंय. बाकीचं तिच्या पोटावर आणि दिवसांवर सोडलंय. आज तिला २४ वा दिवस आहे, सकाळी मुरघास पूर्ण खाल्ला होता.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. फलटण, जि. सातारा